रॅगटाइमला कोणता नाच लावायचा

दुसऱ्याच्या घामेजल्या तळव्यात आपला तळवा देऊन गोल फिरण्यात कसला आनंद आहे, हे मला अजून कळलेलं नाही. तरी गेली काही वर्षं महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी ओटावातल्या एका चर्चच्या तळघरात जाऊन नेमकं हेच करतो. कारण बायको. तिला कॉन्ट्रा डान्सचा नाद लागला आणि आमच्या कनाटा उपनगरातून रविवारच्या बसचा भरवसा नाही, म्हणून सोडायला मी जायचो. ती आत नाचेल आणि आपण गाडीत पुस्तक वाचू, असा साधा बेत होता. पण जानेवारीत गाडीत बसून वाचायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं. चर्चच्या पार्किंगमध्ये पृथ्वीची काळजी वाहणारे लोक बरेच असतात. त्यांनी काचेवर टकटक करून मला सौम्य शब्दांत इतकं सुनावलं की शेवटी मी पुस्तक मिटून आत गेलो. आत गेल्यावर सुटका नाही. रांगेत एक माणूस कमी पडलेला असतोच.

त्या तळघराला स्वतःचा वास आहे. ओले बूट, सकाळपासून उकळत असलेली कॉफी, आणि पॉटलकच्या, म्हणजे ज्याने त्याने घरून आणलेल्या खाण्याच्या, टेबलावरचं छोल्यांचं गार सॅलड. छोल्यांना इतकं निर्जीव करता येतं हे मला कॅनडात येईपर्यंत माहीत नव्हतं. लोक ते खातात, हात पँटला पुसतात आणि तोच हात पुढे करतात.

कॉन्ट्रा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हॉलभर लांब दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. माइकवर एकजण उभा असतो, त्याला कॉलर म्हणतात. पुढे काय करायचं ते तो सांगतो: शेजाऱ्याचा हात धरा, फिरा, जागा बदला. धून एकदा पूर्ण वाजली की नाचाची एक फेरी होते, प्रत्येक जोडी रांगेत एक घर पुढे सरकते आणि नव्या जोडीबरोबर तेच पुन्हा करते. मधेमधे जोडीदाराला धरून गरगर फिरायचं असतं. फुगडी खेळलेल्या कुठल्याही बाईला ते पाच मिनिटांत येतं. माझ्या बायकोला आलंच. माझ्या मुलीने एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स लिटरली जस्ट वॉकिंग." तेही खरं आहे. चालणंच आहे ते, फक्त सुरांच्या तालावर आणि अनोळखी लोकांना चिकटून.

बायको नागपूरची, इंजिनियर, टेलिकॉममध्ये. नुसतं नाचून तिचं भागेना, तिला कॉलर व्हायचं होतं. दोन हिवाळे ती शिकली. तिथला रिवाज असा की नवख्या कॉलरला दुपारभरात एखादा नाच घ्यायला देतात, जेवणातल्या लोणच्यासारखा. अख्खी दुपार ज्याने एकट्याने पार पाडली, त्याचं नाव वर्षाच्या पाळ्यांच्या यादीत लागतं आणि मग त्याला कुणाच्या मेहेरबानीची गरज उरत नाही. बायकोला ती दुपार हवी होती. मागूनही ती मिळत नव्हती, कारण कुणाला कोणती दुपार द्यायची ते क्लबचे अध्यक्ष ठरवायचे.

अध्यक्षांबद्दल लिहिताना मला हात आवरावा लागतो. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला उंच माणूस, गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नाव आणि नावाखाली कोरलेलं पद. नाच सुरू होण्याआधी ते नाचाच्या परंपरेवर बोलतात. मी मराठी मंडळातून बाहेर पडलो त्याचं कारण शाल आणि श्रीफळ. दिवाळीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे दीप लावणार, मग त्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, आणि तोवर मुलं बेसमेंटमध्ये पिझ्झा संपवून मोकळी. वाटलं होतं, गोऱ्या लोकांच्या तळघरात तरी हे नसेल. तिथे शाल नव्हती, फ्लीसचं जॅकेट होतं. बाकी सगळं तेच.

तर झालं असं, की हॉलमध्ये नेहमी पियानो वाजवणाऱ्या बाईंनी मार्चची दुपार रॅगटाइमची, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या उडत्या अमेरिकन पियानो-संगीताची, करायची टूम काढली. बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, बोलायला तुटक. एरवी व्हायोलिनवाल्यांच्या मागे त्या नुसता ठेका देत बसायच्या. आता त्यांना क्लॅरिनेट आणि ट्यूबा वाजवणारे दोन मित्र घेऊन स्वतः पुढे बसायचं होतं. अध्यक्षांना रॅगटाइम म्हणजे बारमध्ये ऐकायची गोष्ट वाटते. कमिटीच्या सभेला आम्ही दोघंही होतो, तिथे ते म्हणाले, असल्या संगीतावर कुठलाही प्रतिष्ठित कॉलर उभा राहणार नाही. मग उदार चेहऱ्याने माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, तुला संधी हवी होती ना, ही घे. दुपार पडलीच तर नवखीच्या अंगावर पडावी, हा हिशेब मला तिथल्या तिथे कळला आणि किळस आली. बायकोलाही कळला होता. तिने हो म्हटलं.

पुढचा महिनाभर आमच्या घरात रॅगटाइमला कोणते नाच लावायचे याशिवाय विषय नव्हता. कॉलरचं खरं काम हेच असतं, माइकवर बोलणं त्यामानाने सोपं. शेकडो नाच उपलब्ध असतात. त्यातले आठ-दहा निवडायचे, आणि तेही आलेल्या लोकांना आणि वाजणाऱ्या संगीताला मानवतील असे. मी माझ्या परीने मदत म्हणून एक एक्सेल शीट केली. प्रत्येक नाचाला अवघडपणाचे गुण, वळणांचे गुण, वर एक सूत्र. बायकोने ती बघितली आणि म्हणाली, "हे तू काय करून राहिला बाप्पा? मला नाच निवडायचेत, व्हेंडर नाही." ती चिडली की पुरती नागपूरची होते.

ती स्वतः डायनिंग टेबलावर बसायची. मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या धुऊन कोरड्या केलेल्या, आठवी हिंगाची डबी. चार जोड्या झाल्या. मोहरी जिऱ्याचा हात धरून फिरते, हळद धण्यापुढून जाते, असं हलवत नाच टेबलावर चालवून बघायचा. त्या महिन्यात आमच्या वरणात हळदीबरोबर काय काय आलं ते मी विचारलं नाही.

पहिली यादी तयार झाली ती बघून मी खूश झालो होतो. भारी नाच होते. प्रत्येकात निदान एक तरी वेणी. वेणी म्हणजे चौघांनी एकमेकांच्या उजव्या-डाव्या खांद्यांवरून आळीपाळीने जात स्वतःच्या जागी परत येणं. हात धरायचा नाही, कुठे थांबायचं नाही, नुसतं गुंफत जायचं. कसलेले नाचणारे वेणीवर जीव टाकतात. शिवाय तिरकी वळणं, दूरच्या शेजाऱ्याला गाठून परत येणं. आम्ही दोघं बोर्डाच्या पेपरात सोपा पर्याय सोडून अवघड पर्याय सोडवणाऱ्या जमातीतले. सोपं उत्तर लिहिलं तर तपासणाऱ्याला वाटेल याला अवघड येत नाही, ही भीती आमच्या हाडात मुरलेली. इथे येऊन नोकऱ्या केल्या त्याही त्याच भीतीवर. त्या यादीत नाच नव्हते, डिस्टिंक्शन होतं. फक्त आम्हाला ते दिसत नव्हतं.

पियानोवाल्या बाई आमच्याकडे एका शनिवारी सकाळी आल्या. मुलीने चौथीत सोडून दिलेला कीबोर्ड बेसमेंटमध्ये होता, तो झटकून ठेवला. बाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारून यादी वाचली आणि लगेच वाजवायला लागल्या. वाजवता वाजवता म्हणाल्या, आता चाला. आम्ही चालू लागलो. मुलीलाही वरून ओढून आणली, चौथा गडी म्हणून एक खुर्ची घेतली आणि वेणी सुरू केली. दुसऱ्या फेरीतच मी खुर्चीवर आदळलो.

रॅगटाइममध्ये डावा हात शिपायासारखा चालतो, एक दोन एक दोन. उजवा हात वाटेत कुणाशी तरी गप्पा मारत थांबतो आणि मग धावत येऊन गाठतो. कधी तर आधीच पोचून वाट बघत बसतो. ऐकायला तीच गंमत. पण नाचणारा माणूस कानाने उजवा हात धरतो, कारण चाल तिथे असते. वेणीत कुणाचा हात धरलेला नसतो, कुठे ठोका देऊन थांबायचं नसतं. मग उजवा हात जिकडे जाईल तिकडे तो वाहवत जातो आणि चुकीच्या खांद्यावरून निघतो. बाईंनी हे सगळं एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की यात पायांना उभं राहायला जागा नाही.

बायकोने यादीचा कागद उलटा केला. उरलेल्या दिवसांत तिने उलट्या बाजूने काम केलं. आधी धून ऐकायची. चाल जिथे अडखळून एक मोकळी फट सोडते, तिथे नाचात काय असावं? हात धरून पुढे एक झोका, मागे एक झोका. तो ठोका फटीत बरोबर बसायचा. चाल जिथे टेचात येते तिथे काय? चौघांनी एका ओळीत हातात हात घालून हॉलच्या टोकाकडे चालत जायचं, वळायचं, परत यायचं. नुसतं चालणं, पण रॅगटाइमवर ते चालणं आपोआप ऐटीत होतं, खांदे हलतात, वाकडं बघत हसायला येतं. रॅगला तीन-चार तुकडे असतात आणि कॉन्ट्राला दोनच लागतात, प्रत्येक दोनदा. ते बाईंनी कापून जुळवून दिलं. वेग त्यांनी कमी ठेवला. बायकोने वेणीचे सगळे नाच काढून टाकले. मी म्हणालो, हे फार सोपं नाही का होणार, लोक काय म्हणतील.

"लोक नाचतील," ती म्हणाली. "तू म्हणत बस."

मार्चमधली ती दुपार उजाडली. अध्यक्षांनी सुरुवातीला बोलणार नाही असं सांगितलं होतं, म्हणून ते फक्त कॉफी गार होईपर्यंत बोलले. रॅगटाइमला त्यांनी 'एक गमतीदार प्रयोग' म्हटलं, बायकोला 'आमची उत्साही शिष्या'. ती त्यांच्याकडे एक दिवसही शिकलेली नव्हती. पियानोवाल्या बाई त्यांच्याकडे न बघता चष्मा पुसत होत्या. पहिला अर्धा भाग सुरेख गेला. नवीन लोकसुद्धा तिसऱ्या फेरीला कॉलरविना नाचू लागले, आणि बायको माइकपासून मागे सरून नुसती बघत उभी राहिली. कॉलरला तो क्षण हवा असतो. सांगावं लागत नाही, म्हणजे नाच संगीताला बसला.

मध्यंतरात अध्यक्ष स्वयंपाकघरात आले. मी कप धूत होतो, बायको पाणी पीत होती. ते म्हणाले की दुसऱ्या भागाची सुरुवात त्यांनी स्वतः रचलेल्या नाचाने व्हावी असं त्यांना वाटतं. हा बायकोचा सन्मान समजावा. त्यांनी कार्ड पुढे केलं. बायकोने वाचलं आणि माझ्यासमोर धरलं. दोन वेण्या होत्या, त्यातली एक तिरकी.

आता तिच्यापुढे काय होतं ते मला दिसत होतं. तो नाच तिने घेतला तर तो कोसळणार आणि पाळीत नाव लागणार नाही, नवखी होती म्हणून. नाही म्हणाली तरी लागणार नाही, उद्धट होती म्हणून. मंडळातसुद्धा असंच करतात. अध्यक्षांच्या सूनबाईंचं गाणं कार्यक्रमात घुसवतात आणि कार्यक्रम लांबला की निवेदकाला बोलतात. माझ्या हातातल्या कपाला कुणाचीतरी लिपस्टिक लागली होती, ती मी घासत राहिलो.

बायको इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाली, "हा तुमचा नाच आहे. तो तुमच्या तोंडूनच ऐकायला हवा. माइक तुम्ही घ्या."

मान डोलावताना अध्यक्षांचा बिल्लासुद्धा डोलला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. माइक हातात मिळतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

पुढचं पाहून मला सुख व्हायला हवं होतं, पण झालं नाही. घाणेरडंच होतं ते. पहिली फेरी त्यांनी ओरडून निभावली. दुसऱ्या फेरीत एक म्हातारे गृहस्थ भिक्षा मागावी तसा हात पुढे करून रांगेच्या मधोमध उभे राहिले. हात धरायला कुणी आलंच नाही, कारण वेणीत हात नसतो. एक जोडी कॉफीच्या टाकीकडे तोंड करून थबकली. माझ्या समोर आलेली दातांची डॉक्टर मला चौथ्यांदा भेटली, तेव्हा आम्ही दोघं हसलोसुद्धा नाही. अध्यक्षांनी पियानोकडे बोट करून वेग वाढवायला सांगितलं. बाईंनी वाढवला. गोंधळही वाढला. मग अध्यक्षांनी हात वर करून बँड थांबवला आणि माइकवरून सगळ्यांना सांगितलं की दोष नाचणाऱ्यांचा नाही, हे संगीतच सरळ नाही.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. त्यांच्या त्या एका दुपारवर त्या माणसाने सगळ्यांसमोर थुंकावं तसं ते वाक्य पडलं. मग अध्यक्षांनी हसत माइक बायकोकडे दिला. आता ही तुमच्यासाठी काहीतरी सोपं घेईल, म्हणाले.

बायको माइक घेऊन क्षणभर बाईंकडे बघत राहिली. तिने हाताने खाली दाबल्यासारखी खूण केली, वेग कमी. बाईंनी डाव्या हाताने चालायला सुरुवात केली, नुसत्या डाव्या, बराच वेळ. लोकांचे पाय उभ्या जागी हलू लागले. मग उजवा हात आला. बायको म्हणाली, चौघं चौघं एका ओळीत या, आणि माझ्याकडे चालत या.

हॉलभर माणसं खांद्याला खांदा लावून तिच्याकडे चालत गेली. मघाचे म्हातारे गृहस्थ माझ्या डावीकडे होते. त्यांचा हात आता कुणीतरी धरला होता, म्हणजे मी. त्यांनी चालता चालता ढोपर उचलून असा काही ठेका घेतला की आमची अख्खी ओळ ढोपरं उचलायला लागली. वळलो, परत आलो, फटीवर झोका घेतला, ठोका नेमका पडला आणि हॉलमधल्या लाकडी जमिनीने एकदम आवाज दिला. पियानोवाल्या बाई मान मागे टाकून वाजवत होत्या. तेवढा वेळ मला कशाचीच शिसारी आली नाही, हे नोंदवतो.

शेवटी अध्यक्षांचं भाषण झालंच. प्रयोग यशस्वी झाला, असं ते म्हणाले, आणि त्यातून आपल्याला जे शिकायला मिळालं त्याबद्दल त्यांनी मुख्यतः स्वतःचे आभार मानले. बायकोला मेपलच्या लाकडाची चीज कापायची फळी दिली. तिच्या एका कोपऱ्यात क्लबचं चिन्ह होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात अध्यक्षांची सही.

तीन आठवड्यांनी पाळ्यांच्या यादीची ईमेल आली. नाव लागलं होतं. नोव्हेंबरचा रविवार, जेव्हा अर्धे लोक थंडी टाळायला फ्लोरिडाला पळालेले असतात. नावापुढे कंसात लिहिलं होतं: नाचांची निवड अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली. मी तावातावाने उत्तराचा मसुदा केला. चार परिच्छेद, त्यातले दोन चांगलेच बोचरे. बायकोने तो वाचला, हसली, पुसला आणि दोन वाक्यं लिहिली. नाच मी निवडेन. ते चालणार नसेल तर माझं नाव काढा.

मी म्हटलं, आता काढतील. ती म्हणाली, "काढू दे ना. त्याच्या हाताखाली नाव लागण्यापेक्षा नसलेलं बरं."

बरेच दिवस उत्तर नव्हतं. मग सुधारित यादी आली. कंस गेला होता. सोबत सहकार्याच्या भावनेवर एक लांब परिच्छेद होता, तो मी पूर्ण वाचला. नोव्हेंबरच्या ओळीत बँडची जागा मात्र रिकामी होती. नियम असा आहे की बँड ठरलेला नसेल तर तो कॉलर ठरवतो, आणि नियम अध्यक्षांनीच केलेला.

बायकोने लगेच पियानोवाल्या बाईंना फोन लावला. स्पीकरवर होता. बाईंनी आधी तारीख विचारली, मग त्यांच्या मित्राच्या ट्यूबाचं काहीतरी दुरुस्तीला गेलंय ते सांगितलं, आणि मग विचारलं की नाच कोण निवडणार आहे.

"मी," बायको म्हणाली.

बाई म्हणाल्या, मग येते. फोन ठेवून बायकोने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की नोव्हेंबरच्या त्या रविवारच्या आत आपल्या गाडीला बर्फात लागणारे विंटर टायर्स बसवून होतील ना. होतील, म्हटलं.